सेगँचा पाट

१९७४ सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता आणि मी अकरा. एका मोठ्या रुग्णालयात त्याची तपासणी होती. शाळेला सुट्टी असल्यामुळे आईनं मलाही बरोबर नेलं. तपासणीच्या खोलीत टेबलावर एक लाकडी पाट ठेवलेला होता. त्यात दहा खाचा होत्या आणि त्या खाचांत बसणारे दहा ठोकळे : वर्तुळ, चौकोन, चांदणी, अर्धवर्तुळ, अधिक चिन्ह वगैरे. तपासणाऱ्या बाईंनी सगळे ठोकळे काढून त्यांचे तीन ढीग केले, हातात स्टॉपवॉच घेतलं आणि भावाला म्हणाल्या, "हं, लाव बघू पटपट."

भावानं चांदणी उचलली, गालावर फिरवली आणि माझ्याकडे बघून हसला. मग ती वर्तुळाच्या खाचेवर आपटत राहिला. असं तीनदा झालं. बाईंनी तिन्ही वेळा लागलेला वेळ लिहून घेतला, एक तक्ता पाहिला आणि आईला सांगितलं की मुलाचं मानसिक वय साडेतीन वर्षांचं आहे.

आईनं विचारलं, "मग आता याला पुढं काय शिकवायचं?"

बाई मायाळू होत्या. पण हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. "ते शाळेत सांगतील," असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आल्यावर आईनं आठवणीनं तो पाट कागदावर काढला आणि आमच्या आळीतल्या सुताराकडून तसाच एक करून घेतला. रोज दुपारी जेवणं झाली की ती भावाला मांडीवर घेऊन बसे. आधी एकच ठोकळा आणि एकच खाच. तो जमला की दोन. त्याचं बोट धरून ती खाचेच्या कडेवरून फिरवायची, मग ठोकळ्याच्या कडेवरून. वर्षभरानं पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा भावानं दहाही ठोकळे बसवले. बाई आधी खूश झाल्या, मग त्यांना शंका आली. "घरी सराव करून घेतलात का? मग ही चाचणी फुकट गेली हो. शिकवलं की माप खरं येत नाही."

आई खाली मान घालून उभी राहिली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या आईनं परीक्षेत कॉपी केली, असं माझ्या मनानं घेतलं आणि ती अढी पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

त्या पाटाला 'सेग्विन फॉर्म बोर्ड' म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सेग्विन म्हणजे कोण, हे तर निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा. आणि हा माणूस समजत गेला तसतशी आईविषयीची ती अढी सुटत गेली. हा लेख त्या माणसाविषयी आहे.

एका हरलेल्या गुरूचा शिष्य

नाव एदुआर सेगँ. इंग्रजीत त्याचा सेग्विन झाला. जन्म २० जानेवारी १८१२, फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या क्लामसी गावी. वडील डॉक्टर. पॅरिसला शिकायला आलेला हा मुलगा तिथे सँ-सिमाँच्या अनुयायांत सामील झाला. समाजातल्या सर्वांत तळाच्या माणसाची स्थिती सुधारणं हेच समाजाचं पहिलं काम, असं मानणारी ही मंडळी. आपलं काम त्या विचारातून निघालं, असं सेगँनं पुढे स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. तळाचा माणूस म्हणजे कारखान्यातला मजूर, असं त्याचे बरेचसे सोबती समजत होते. सेगँला त्याच्याही खालचा कोणी दिसला : ज्याला त्या काळचं वैद्यकशास्त्र 'इडियट' म्हणत असे ते मूल. आज हा शब्द शिवी आहे, तेव्हा ते निदान होतं.

त्याला या वाटेवर आणणारा माणूस म्हणजे जाँ इतार. १८०० साली दक्षिण फ्रान्सच्या आव्हेराँ भागातल्या रानातून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा माणसांत आला. अंगावर कपडे नाहीत, तोंडात भाषा नाही. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत त्याला आणण्यात आलं. पिनेल हे त्या काळातलं मनोविकारशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. वेड्यांच्या बेड्या सोडवणारा म्हणून इतिहासात त्याची ख्याती आहे. त्यानं मुलाला तपासून सांगितलं : हा इडियट आहे, सुधारणार नाही. तरुण डॉक्टर इतारला ते पटलं नाही. त्यानं मुलाचं नाव व्हिक्तोर ठेवलं आणि पाच वर्षं त्याच्यावर मेहनत घेतली. गरम-गार पाणी, वास, आवाज, चित्राखाली त्याच चित्राची वस्तू ठेवणं, अक्षरं जुळवणं. व्हिक्तोर काही शब्द वाचायला शिकला, सांभाळणाऱ्या गेरँबाईंवर माया करू लागला, पण बोलू शकला नाही. इतारनं आपण हरलो असं मानून प्रयोग थांबवला.

सुमारे तीस वर्षांनी, १८३७ मध्ये, म्हाताऱ्या आणि आजारी इतारकडे असंच एक मूल आलं. स्वतःच्यानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं ते काम पंचवीस वर्षांच्या सेगँकडे दिलं आणि मागे राहून सल्ला दिला. पुढच्याच वर्षी इतार वारला. एस्किरोल या नामवंत मनोविकारतज्ज्ञानं सेगँच्या कामावर देखरेख केली आणि मुलात फरक पडल्याची ग्वाही १८३९ मध्ये दोघांच्या नावानं छापली गेली. १८४० च्या सुमारास सेगँनं पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी स्वतःची लहानशी शाळा काढली.

आधी हात, मग डोळा, मग शब्द

सेगँनं वेगळं काय केलं? इतारची सगळी भिस्त ज्ञानेंद्रियांवर होती. सेगँ त्याच्याही मागे गेला, स्नायूंपाशी. जे मूल नीट उभं राहत नाही, ज्याची बोटं काही धरत नाहीत, त्याला रंग आणि अक्षरं दाखवून काय होणार? म्हणून त्याचा क्रम असा : आधी अंग, मग हात, मग स्पर्श, नजर, कान, मग अनुकरण, मग नावं, मग कल्पना आणि सगळ्यांत शेवटी स्वतःची इच्छा. याला तो शरीरक्रियेवर आधारलेली पद्धत म्हणत असे.

ज्याचा हात काहीच धरत नाही अशा मुलाला तो तिरप्या शिडीवर चढवी. पडण्याच्या भीतीनं बोटं पायरीभोवती आपोआप मिटत. मागे सेगँ उभा असेच. कधी मूल आणि शिक्षक समोरासमोर उभे राहत आणि दोन्ही टोकांना गोळे असलेली एक लाकडी काठी एकमेकांकडे फेकत. झेलली नाही तर ती अंगावर येणार. 'धर' हा शब्द मुलाला कळत नसला तरी 'धरावं लागतं' हे हाताला कळे.

नजरेविषयीचा त्याचा एक अनुभव १८६६ च्या त्याच्या ग्रंथात आहे. एका मुलाची दृष्टी कशावरच ठरत नसे. सेगँ रोज त्याच्यासमोर बसून आपल्या नजरेनं त्याची नजर शोधत राहिला. मूल तोंड फिरवी, हा पुन्हा समोर येई. असे चार महिने गेले. ज्या दिवशी नजरेला नजर मिळाली त्या दिवशी मूल मोठ्यानं किंचाळलं. आणि दुसऱ्या दिवशी, सेगँ आहे की नाही हे रोजच्यासारखं हातानं चाचपण्याऐवजी ते त्याच्याभोवती फिरून त्याला न्याहाळू लागलं. हा मजकूर वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. भावानं पहिल्यांदा माझ्याकडे टक लावून पाहिलं तो दिवस माझ्याही लक्षात आहे.

आता तो पाट. हात आणि डोळा यांची जोडी जमवण्यासाठी सेगँनं जी साधनं वापरली त्यांत आकार कोरलेल्या फळ्या आणि त्यांत बसणारे ठोकळे होते. ठोकळा खाचेत बसला की बसला; शिक्षकानं 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायची गरज नाही, लाकूडच सांगतं. मूल चुकेल, पुन्हा करेल, बोटानं कडा चाचपेल. घड्याळाचं तिथे कामच नव्हतं. त्या फळीवर मूल किती वेळ रमलं, हाच तिचा उपयोग.

शब्द शिकवण्याची त्याची तीन पायऱ्यांची रीतही सांगण्यासारखी आहे. पहिली पायरी : "हा लाल." दुसरी : "लाल दाखव." तिसरी : "हा कोणता?" आपण बहुतेक जण लहान मुलाला थेट तिसरा प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं नाही की निराश होतो. सेगँच्या लेखी मधली पायरी सर्वांत मोठी. ओळखता येणं हे सांगता येण्याच्या कितीतरी आधी येतं, आणि काही मुलं वर्षानुवर्षं तिथेच थांबलेली असतात. ती थांबलेली असतात म्हणून रिकामी नसतात.

सेगँचं सगळंच आज पटेल असं नाही. आज्ञा आणि आज्ञापालन यांवर त्याचा फार भर होता. स्नायूंना वळण लावलं की मज्जासंस्था सुधारते, हा त्याचा सिद्धांत त्यानं मांडला तसा टिकलेला नाही. पण मुलाला ज्या पायरीवर आहे तिथे जाऊन भेटायचं आणि पुढची एकच पायरी दाखवायची, ही त्याची शिस्त आजच्या कोणत्याही चांगल्या विशेष शाळेत दिसते.

बिसेत्र ते न्यूयॉर्क

१८४२ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र या अवाढव्य रुग्णालयात अशा मुलांना शिकवण्याचं काम सेगँकडे आलं. तो डॉक्टर नव्हता, शिक्षक होता, आणि स्वभावानं तापट. डॉक्टर आणि व्यवस्थापनाशी त्याचे खटके उडाले. १८४३ संपता संपता त्याला काढून टाकण्यात आलं. त्याच सुमारास विज्ञान अकादमीच्या समितीनं मात्र त्याच्या कामाविषयी अनुकूल मत दिलं होतं. नोकरी गेली तशी त्यानं लेखणी धरली. १८४६ मध्ये त्याचा सातशेहून अधिक पानांचा फ्रेंच ग्रंथ निघाला. या मुलांच्या शिक्षणावरचं असं सांगोपांग पुस्तक त्याआधी नव्हतं.

१८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्सचं राजकारण फिरलं. सेगँसारख्या प्रजासत्ताकवाद्याला तिथे भवितव्य दिसेना. १८५० च्या सुमारास बायको-मुलासह तो अमेरिकेला गेला. तिथे त्याचं पुस्तक त्याच्या आधी पोहोचलेलं होतं. बोस्टनमध्ये सॅम्युएल ग्रिडली हाऊ यानं १८४८ मध्ये अशा मुलांची शाळा सुरू केली होती. हेलन केलरच्या गुरू अ‍ॅन सुलिव्हन ज्या अंधशाळेत शिकल्या, ती उभी करणारा हाऊ तो हाच. न्यूयॉर्क राज्यात हर्वी विल्बर काम करत होता. सेगँ दोघांनाही जाऊन मिळाला. एका जागी फार काळ न रमता त्यानं या संस्थांतल्या शिक्षकांना आपली पद्धत दाखवली. १८६१ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यानं न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीची पदवी घेतली. बिसेत्रमधला 'हा काय डॉक्टर आहे?' हा सवाल त्याच्या मनात राहिला असावा, असं मला वाटतं. १८६६ मध्ये त्याचा इंग्रजी ग्रंथ आला. १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एल्विन इथे अशा संस्थांच्या वैद्यकीय प्रमुखांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून त्याचीच निवड झाली. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणारी अमेरिकेतली आजची मोठी व्यावसायिक संघटना ती हीच.

माझ्या आईच्या गोष्टीशी ज्याचं नातं आहे असा एक धागा इथे सांगायला हवा. उत्तरायुष्यात सेगँला तापमापकाचं वेड लागलं. डॉक्टरांच्या पिशवीतला तापमापक घराघरांत गेला पाहिजे, म्हणून १८७३ मध्ये त्यानं खास आया आणि परिचारिकांसाठी एक पुस्तिका लिहिली. म्हणजे मोजमापाशी त्याचं वैर नव्हतं. माप आईच्या हाती असावं आणि ते पाहून पुढं काय करायचं हे तिला कळावं, एवढा त्याचा आग्रह होता.

२८ ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कमध्ये सेगँ वारला.

पाटाला घड्याळ लागलं

पुढची गोष्ट दुःखाची आहे. हाऊ, विल्बर, सेगँ यांच्या मनातल्या या संस्था म्हणजे शाळा होत्या : मुलानं यावं, जमेल तेवढं शिकावं आणि घरी परतावं. वेगळ्या पडलेल्या माणसांना एका जागी कोंडून ठेवू नका, त्यांना समाजात मिसळू द्या, असा स्पष्ट इशारा हाऊनं १८६६ मध्येच दिला होता. पण मुलं घरी परतेनात. गरीब घरांना ती परत नको होती, गावांना तर नकोच. इमारती वाढत गेल्या, शिक्षक कमी आणि राखणदार जास्त झाले. शाळेचं कोंडवाड्यात रूपांतर व्हायला एक पिढी पुरली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुद्धी मोजण्याचं शास्त्र आलं. कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखावं म्हणून फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी तयार केली. ती अमेरिकेत नेली हेन्री गॉडर्ड यानं. न्यू जर्सीतल्या व्हाइनलंडच्या संस्थेत काम करणाऱ्या गॉडर्डच्या हाती सेगँची फळीही होती. १९१२ मध्ये त्यानं ती बौद्धिक वाढ मोजण्याचं साधन म्हणून मांडली. सोय उघड होती. फळीला भाषा लागत नाही, लिहितावाचता यावं लागत नाही, काही मिनिटांत काम होतं आणि उत्तर सेकंदांत मिळतं. अनेक भाषांच्या आपल्या देशात ती रुजली त्याचं मोठं कारणही हेच.

पण सेकंद मोजायचे म्हटलं की नियम बदलतात. आता मुलाला मदत करायची नाही. त्याला रमू द्यायचं नाही, घाई करायला सांगायचं. आणि आधी शिकवलेलं तर मुळीच नसावं. सेगँनं जे करण्यासाठी फळी हातात घेतली, नेमकं तेच आता निषिद्ध ठरलं.

गॉडर्डच्या काळात या आकड्यांचा वापर मुलांना आणि मोठ्यांना आयुष्यभर वेगळं ठेवण्यासाठी झाला. अनेक राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तसा एक कायदा वैध ठरवला. याचं खापर लाकडाच्या एका पाटावर फोडता येणार नाही. पण 'याला काय शिकवायचं?' हा प्रश्न पुसला जाऊन 'हा किती कमी आहे?' एवढाच उरला की काय होतं, ते यात दिसतं.

दुसरी वाट

सेगँची फळी आणखी एका वाटेनं गेली, आणि ती वाट आपल्या अंगणापर्यंत येते. रोमच्या मानसोपचार चिकित्सालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली अशी मुलं पाहत होत्या. या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा जास्त आहे, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी इतार आणि सेगँ यांचं लेखन शोधून काढलं. सेगँचा इंग्रजी ग्रंथ तोवर इतका विसरला गेला होता की त्यांना मिळालेली प्रत न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरनं टाकून दिलेल्या पुस्तकांतली होती. इतार आणि सेगँ यांचं लेखन त्यांनी स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढलं. शब्द न् शब्द तोलता यावा म्हणून, असं त्या सांगतात. १९०० पासून दोन वर्षं त्यांनी अशा मुलांना शिकवलं आणि त्यांतली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. मग त्यांना प्रश्न पडला : असं शिक्षण सगळ्याच मुलांना दिलं तर? १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. तिथल्या साधनांत खाचांत बसणारे आकार होते आणि शब्द शिकवायची तीन पायऱ्यांची रीतही होती.

गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केलेल्या ताराबाई मोडकांनी ही विद्या मराठी मुलखात आणली. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. परदेशी महाग साधनं परवडणार नाहीत म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे वापरले. ताराबाईंचं काम विशेष मुलांसाठी नव्हतं. पण त्यांच्या बालवाडीत वेगवेगळ्या बिया जुळवत बसलेलं मूल नकळत बिसेत्रमधल्या मुलाचाच धडा गिरवत होतं.

म्हणजे तीच फळी एका वाटेनं तपासणीच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या वाटेनं बालवाडीत. १९७४ साली आमची गाठ पहिलीशी पडली. दुसरी असते हे आईला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिला ती सापडली.

मी मोजमापाच्या विरोधात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालच्या बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तपासणीशिवाय मिळत नाही. भावाचं प्रमाणपत्र काढायला मीच रांगेत उभी होते. तपासणाऱ्या बाईंचीही चूक नव्हती; चाचणी म्हणून पाहिलं तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. राग येतो तो एवढ्याचाच की आईच्या प्रश्नाला त्या इमारतीत जागा नव्हती. तो प्रश्न विचारण्यातच एका माणसाचं सबंध आयुष्य गेलं होतं, आणि ज्या पाटासमोर ती उभी होती त्यावर त्याच माणसाचं नाव होतं.

आई जाऊन बारा वर्षं झाली. तिनं कॉपी केली नव्हती, हे तिला सांगायचं राहून गेलं. खरं तर तिला ते कधी तसं वाटलंच नसेल, वाटलं होतं ते मला. भाऊ आता माझ्याकडे असतो. त्याला घड्याळ कळत नाही, पैसे मोजता येत नाहीत. सुतारानं केलेला पाट अजून माळ्यावर आहे. चांदणी तेवढी हरवली. दिवाळीचा फराळ झाला की लहानमोठे डबे ओट्यावर मांडले जातात आणि झाकणांचा ढीग एका बाजूला. झाकणं लावायचं काम त्याचं. एकेक उचलतो, कडेवरून बोट फिरवतो आणि बरोबर त्याच डब्यावर ठेवतो. वेळ लागतो. आम्ही थांबतो.